किरणोत्सर्गी कचऱ्यावर मातीचा पहारा

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



वैशाखाच्या अखेरीस विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या काळ्या रानात उभे राहिले, तर पायाखालची जमीन उललेली दिसते. भेगा इतक्या रुंद की हात सहज आत जावा, आणि इतक्या खोल की त्यात सोडलेली काठी तळाला लागू नये. मृगाच्या सरी येतात, दोन-चार दिवसांत माती पाणी पिते, फुगते आणि त्याच भेगा अशा मिटतात की त्या कुठे होत्या हेही सांगता येऊ नये. शेतकऱ्याला हे वर्षानुवर्षांचे दृश्य आहे. काळी जमीन आपली आपणच नांगरते, असे तो कौतुकाने म्हणतो.

घर बांधणाऱ्या गवंड्याचा अनुभव मात्र कडू आहे. काळ्या मातीवर उथळ पाया घातला, तर पावसाळ्यात ती घर उचलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते. भिंतींना तिरप्या चिरा जातात, चौकटी अडकतात, फरशा उचकटतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर देऊन तिचा उठाव रोखण्याची पद्धत अभ्यासली. ती पुढे कालव्यांच्या बांधकामात उपयोगी पडली. फुगणाऱ्या मातीला आवरायचे कसे, या एका प्रश्नावर आपल्या अभियंत्यांनी अशी हयात घालवली आहे.

आजचा विषय याच्या नेमका उलट टोकाचा आहे. जगातील काही देशांनी याच फुगण्याच्या स्वभावावर एक फार मोठी जबाबदारी टाकण्याचे ठरवले आहे. अणुभट्टीतून निघालेला अतिकिरणोत्सर्गी कचरा जमिनीखाली शेकडो मीटर खोल पुरायचा आणि त्याच्याभोवती फुगणाऱ्या मातीचा पहारा बसवायचा. तो पहारा वर्षा-दोन वर्षांचा नाही, एक लाख वर्षे आणि त्याहून अधिक काळाचा आहे.

शत्रू कोण?

अणुऊर्जेविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे. एका टोकाला निव्वळ भीती, दुसऱ्या टोकाला निव्वळ जयजयकार. दोन्ही बाजूंनी क्षणभर दूर राहून वस्तुस्थिती पाहू. १९६९मध्ये आपल्याच पालघर किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. तेव्हापासून या देशात अणुवीज निर्माण होत आहे. या विजेला धूर नाही. परंतु राख आहे. तिचे आकारमान थोडे असते, पण ती दीर्घकाळ धगधगत राहते.

या राखेतील सर्व द्रव्ये सारख्या आयुष्याची नसतात. सीझियम-१३७ सुमारे ३० वर्षांत निम्मे होते. प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला सुमारे २४ हजार वर्षे लागतात. आयोडीन-१२९चा काळ तर दीड कोटी वर्षांहून अधिक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे झाली. सातवाहनांच्या काळाला दोन हजार. या मोजपट्टीवर २४ हजार वर्षे कुठे ठेवायची? एवढा काळ टिकलेली राजसत्ता नाही, एवढा काळ चाललेले कार्यालय नाही. म्हणून कुंपण घालून पहारेकरी नेमणे हा या प्रश्नावरचा अंतिम उपाय ठरू शकत नाही. जिथे पहारेकऱ्याची गरजच उरणार नाही, अशी जागा शोधावी लागते. ती जागा म्हणजे खोल, जुना, निश्चल खडक.

पण खडकातही एक चोरवाट असते, ती पाण्याची. शेकडो मीटर खोल गाडलेली वस्तू आपल्या पायांनी वर येत नाही. तिला वर आणू शकते ते भूजल. ते फटीतून झिरपते, धातू गंजवते, विरघळलेले कण घेऊन पुढे सरकते.

याचा धडा जर्मनीने मोठी किंमत देऊन घेतला आहे. लोअर सॅक्सनी प्रांतातील आसे येथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी आणि मध्यम किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे ठेवण्यात आली. मिठाची खाण म्हणजे कोरडी जागा, असा भरवसा होता. पुढे शेजारच्या खडकातून खाणीत पाणी येऊ लागले. आज तेथे रोज हजारो लिटर खारे पाणी गोळा करून बाहेर काढावे लागते. २०१३मध्ये जर्मनीच्या संसदेने तो सारा कचरा पुन्हा वर काढण्याचा कायदा केला. पुरलेले उकरणे हे पुरण्यापेक्षा किती अवघड आणि महाग असते, हे आसेने जगाला दाखवले.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: पाणी आणि कचरा यांच्यामध्ये काय ठेवावे?

तटामागे तट

आपल्या गडकोटांची रचना पाहिली, तर एकाच तटावर सारी भिस्त ठेवलेली दिसत नाही. कडा, तट, बुरूज, माची, बालेकिल्ला अशी एकामागून एक संरक्षणाची योजना असते. एक पडले तर दुसरे उभे असते. स्वीडनने १९७०च्या दशकापासून विकसित केलेल्या आणि फिनलंडने स्वीकारलेल्या पद्धतीचे सूत्र हेच आहे.

तेथे वापरलेले अणुइंधन बिडाच्या मजबूत साच्यात ठेवतात. त्याभोवती ५ सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच असते. हे नळकांडे जमिनीखाली ४००हून अधिक मीटर खोल, ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकात खणलेल्या उभ्या विवरात उतरवायचे. नळकांडे आणि खडक यांच्यामध्ये सर्व बाजूंनी सुमारे ३५ सेंटिमीटर जाडीचा थर येतो. तो पोलादाचा नाही, काँक्रीटचा नाही, तर दाबून घट्ट केलेल्या मातीच्या ठोकळ्यांचा असतो. वरचे बोगदेही शेवटी मातीनेच भरून बंद करायचे.

या मातीचे नाव बेंटोनाइट. अमेरिकेतील वायोमिंग भागातील बेंटन या भूस्तराच्या नावावरून १८९८मध्ये तिला हे नाव मिळाले. ज्वालामुखीची राख पाण्यात पडून, लक्षावधी वर्षांत तिचे रूपांतर होऊन ती बनते. तिच्यातील मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. फ्रान्समधील मॉन्टमोरिलाँ गावावरून हे नाव पडले. नाव परके वाटेल, पण वस्तू परकी नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीला फुगवणारी खनिजे याच कुळातील आहेत. काळ्या पाषाणाची झीज होऊन ती आपल्या शेतात तयार झाली. फरक प्रमाणाचा आहे. उत्तम बेंटोनाइटमध्ये या खनिजाचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहूनही अधिक असते.

माती का फुगते?

मॉन्टमोरिलोनाइटचा कण म्हणजे जणू एकावर एक रचलेल्या पानांची पोथी. प्रत्येक पान सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतके जाड. पानाच्या दोन बाजूंना सिलिकाचे पापुद्रे, मध्ये ॲल्युमिनाचा. खनिज घडत असताना काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे सबंध पानावर थोडा ऋण विद्युतभार राहतो. तो भागवण्यासाठी दोन पानांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे धन भारित कण येऊन बसतात.

फुगण्याचे रहस्य या मधल्या पाहुण्यांत आहे. त्यांना पाण्याची ओढ असते. पाणी मिळाले की त्याचे रेणू पानांच्या मध्ये शिरतात आणि एकेक थर करून बसतात. कोरडे असताना एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचे अंतर सुमारे १ नॅनोमीटर असते. पाण्याचा एक थर शिरला की ते सुमारे १.२५ होते, दोन थरांनी १.५५, तीन थरांनी १.९च्या आसपास जाते. पोथीची पाने अशी फाकत जातात. मधले कण सोडियमचे असतील आणि पाणी गोडे असेल, तर पाने याहूनही दूर जातात आणि मातीचा चिकट लगदा होतो.

पानांची संख्या तरी किती? एका ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटच्या सर्व पानांचे पृष्ठफळ एकत्र केले, तर ते ७०० चौरस मीटरांहून अधिक भरते. चिमूटभर मातीत एवढी जागा दडलेली असते. प्रयोगशाळेत दोन ग्रॅम चांगल्या सोडियम बेंटोनाइटची भुकटी पाण्याने भरलेल्या मोजपात्रात हळूहळू सोडली, तर दुसऱ्या दिवशी तिने वीस मिलिलिटरहून अधिक जागा व्यापलेली असते.

कोंडलेल्या फुगण्याचे बळ

मात्र मोकळ्या पाण्यात फुगलेला लगदा कसलेच रक्षण करू शकत नाही. तो बोटाने ढवळता येतो. पहारा देण्यासाठी या मातीला कोंडावे लागते.

जुने पाथरवट मोठी शिळा फोडताना तिच्यात ओळीने खाचा पाडत, त्यांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकत आणि त्यांवर पाणी घालत. लाकूड फुगायला पाहते, खाच त्याला जागा देत नाही, आणि जागा न मिळालेले फुगणे दाबात रूपांतरित होते. हा दाब शिळा दुभंगतो. बेंटोनाइटचे नेमके असेच होते. ठोकळे आधीच प्रचंड दाबाखाली घट्ट केलेले असतात. विवरात ठेवल्यावर खडकातून पाणी झिरपू लागले की ते पितात. बाहेर खडक, आत नळकांडे. जायला वाट नाही. मग माती आधी ठोकळ्यांमधल्या फटी भरते, नंतर खडकातील बारीक भेगांच्या तोंडाशी शिरते आणि त्यानंतर सर्व बाजूंनी दाब देत राहते.

वायोमिंगच्या सोडियम बेंटोनाइटची कोरडी घनता घन सेंटिमीटरला १.६ ग्रॅमच्या आसपास ठेवली, तर हा दाब सुमारे ७ ते ८ मेगापास्कल येतो. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७० ते ८० किलो वजन. दुसऱ्या शब्दांत, सातशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. एका मूठभर मातीला केवळ पाणी पाजून हे बळ येते.

हा दाब चार कामे करतो. पहिले, प्रत्येक फट बंद राहते, आणि उद्या खडक किंचित हलून नवी फट पडलीच तर माती तीही भरून काढते. काळ्या रानातील भेगा जशा पहिल्या पावसाने मिटतात, तसेच हे आहे. काँक्रीटला तडा गेला की तो तडाच राहतो. दुसरे, पाण्याचा प्रवाह जवळजवळ थांबतो. अशा घट्ट मातीतून पाणी वर्षाला मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकेच सरकू शकते. मग विरघळलेला कण पुढे जायचाच असेल, तर स्थिर पाण्यात टाकलेला शाईचा थेंब जसा आपोआप पसरतो, तेवढ्याच मंद गतीने जातो. त्यातही सीझियमसारखे धन भारित कण वाटेत मातीच्या पानांनाच चिकटून राहतात. तिसरे, सूक्ष्म जीवांना तेथे वाढायला जागा उरत नाही. भूजलातील काही जिवाणू गंधकाची अशी संयुगे तयार करतात की ज्यांनी तांबे गंजते. घट्ट मातीतील पोकळ्या इतक्या लहान असतात की त्यांचा व्यवहार बंद पडतो. चौथे, जड नळकांडे जागचे हलत नाही, आणि खडक सरकला तर धक्का माती आपल्या अंगावर घेते.

गुण आणि मर्यादा

इथे सारे गोडच आहे असे मानून थांबता येत नाही. ज्या गुणावर एवढा भरवसा टाकायचा, त्याच्या मर्यादा आधी तपासाव्या लागतात.

पहिली मर्यादा मापाची. घनता थोडी कमी झाली की दाब फार झपाट्याने उतरतो. १.६वरून १.४वर आली, तर दाब निम्म्याहूनही खाली जातो. घनता फार वाढली तर उलट धोका असतो. माती इतकी ताठ होते की खडकाचा धक्का गिळण्याऐवजी ती तो तसाच नळकांड्यावर सोपवते. पहारेकरी ढिला नको आणि आडदांडही नको. म्हणून स्वीडिश आराखड्यात पाणी प्यालेल्या मातीची घनता घनमीटरला १९५० ते २०५० किलो या अरुंद पट्ट्यात राखण्याचा दंडक ठेवला आहे.

दुसरी मर्यादा उष्णतेची. वापरलेले इंधन शेकडो वर्षे उष्णता सोडत राहते. तापमान फार वाढले आणि पाण्यात पोटॅशियम असले, तर मॉन्टमोरिलोनाइटचे हळूहळू इलाइट नावाच्या खनिजात रूपांतर होते. इलाइट फुगत नाही. म्हणून या पद्धतीत मातीचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, असे बंधन आहे. नळकांडी एकमेकांपासून किती दूर ठेवायची, बोगदे किती खणायचे आणि खर्च किती येणार, या सर्वांचा हिशेब या एका आकड्यावर बसतो.

तिसरी मर्यादा शेजाऱ्यांची. साधे सिमेंट पाण्यात अतिशय तीव्र अल्कधर्मी द्रव सोडते आणि तो या खनिजाला खातो. त्यामुळे मातीजवळ वापरण्यासाठी कमी अल्कधर्मी सिमेंट मुद्दाम तयार करावे लागले. खारे भूजल फुगण्याचा जोर कमी करते. माती सैल असेल तर हा परिणाम फार जाणवतो, घट्ट असेल तर कमी.

चौथी मर्यादा सर्वांत विचार करायला लावणारी आहे. गढुळलेल्या पाण्यात तुरटी फिरवली की ते निवळते, हे घरोघरी ठाऊक आहे. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतील धन भारित कण त्यांना एकत्र आणतात. भूजलातील कॅल्शियम हेच काम करते आणि बेंटोनाइटला एकसंध ठेवते. पण उद्या एखादे हिमयुग येऊन गेले, बर्फ वितळले आणि कॅल्शियम जवळजवळ नसलेले ते पाणी खोल फटींतून उतरले, तर? मग भेगेत शिरलेल्या मातीचे टोक सुटू लागते, कण गढूळ पाण्यासारखे वाहून जातात, आणि हळूहळू तटाचीच माती कमी होते. ही शंका विरोधकांनी काढलेली नाही. स्वीडनच्या अणुकचरा व्यवस्थापन संस्थेने परवान्यासाठी २०११मध्ये सादर केलेल्या सुरक्षा-अहवालात ती स्वतः मांडली, काही विवरांतील माती अशी झिजेल असे गृहीत धरले आणि तरीही परिणाम मर्यादेत राहतील का, याचे गणित केले. आपल्या योजनेतील उणीव आपणच आधी शोधून जाहीरपणे मांडणे, हीदेखील एक शास्त्रीय शिस्त आहे.

अठरा वर्षांची परीक्षा

एक लाख वर्षांचे काम करणाऱ्या वस्तूची परीक्षा घ्यायची कशी? कागदावरच्या गणिताला प्रत्यक्षाची जोड हवी.

स्वीडनमधील स्ट्रिपा ही लोखंडाची जुनी खाण. खनिज संपल्यावर तिचे बोगदे संशोधकांच्या हाती आले. १९८० ते १९९२ या काळात तेथे अनेक देशांनी मिळून प्रयोग केले. प्रा. रोलांड पुश यांच्यासारख्या मृद्शास्त्रज्ञांनी बेंटोनाइट प्रयोगशाळेतून काढून खऱ्या खडकात, खऱ्या भूजलात आणि विजेच्या तापकांभोवती अभ्यासले.

याहून प्रदीर्घ परीक्षा स्वित्झर्लंडमधील ग्रिम्झेल येथे झाली. आल्प्सच्या ग्रॅनाइटमध्ये खणलेल्या आडव्या बोगद्यात स्पेनच्या पुढाकाराने दोन मोठे तापक बसवण्यात आले. त्यांच्याभोवती स्पेनमधीलच बेंटोनाइटचे ठोकळे रचले गेले. १९९७च्या फेब्रुवारीत तापक सुरू झाले आणि त्यांच्या पृष्ठभागावर १०० अंश तापमान राखले गेले. पहिला तापक २००२मध्ये काढला. दुसरा तसाच चालू राहिला आणि २०१५मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी, थर थर सोलत बाहेर काढण्यात आला.

काय दिसले? ठोकळ्यांमधल्या सर्व फटी मिटल्या होत्या. वेगवेगळे ठोकळे एकजीव झाले होते. मातीची फुगण्याची शक्ती शाबूत होती. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली. अठरा वर्षे उलटूनही तापकाजवळची माती पुरती भिजली नव्हती. उष्णता आतला ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर ढकलत होती आणि खडक पाणी बेताबेताने देत होता. खडकाकडील माती अधिक ओली व थोडी सैल, तापकाकडील कोरडी व अधिक घट्ट, असा फरक कायम होता. म्हणजे पहारेकरी आपल्या जागी नीट उभा राहायलाच अनेक दशके, आणि फार कोरड्या खडकात त्याहून कितीतरी अधिक काळ, लागू शकतो. हे कळायला अठरा वर्षे थांबावे लागले. निष्कर्षाची घाई नसलेले असे प्रयोग राष्ट्राच्या धैर्याची ओळख देतात.

त्याहून मोठ्या काळासाठी साक्ष निसर्गाची घ्यावी लागते. इटलीत उंब्रिया भागातील दुनारोब्बा येथे दहा लाख वर्षांहून जुन्या वृक्षांचे बुंधे सापडले. ते दगड झालेले नाहीत, अजूनही लाकूडच आहेत. मातीच्या वेढ्याने त्यांना पाणी आणि हवेपासून दूर ठेवले. कॅनडातील सिगार लेक येथे जमिनीखाली ४००हून अधिक मीटर खोल युरेनियमचा अतिसमृद्ध साठा आहे. तो एक अब्ज वर्षांहून जुना. भोवती मातीचे कवच. वर भूपृष्ठावर त्याची चाहूलही लागत नाही. तेथील माती बेंटोनाइट नव्हे, परिस्थितीही वेगळी. म्हणून हा पुरावा जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण मातीने निष्ठेने पहारा दिल्याची उदाहरणे सृष्टीत आहेत, एवढे त्यातून निश्चित होते.

फिनलंड, स्वीडन आणि आपण

फिनलंडने ओल्किलुओटो येथे २००४मध्ये 'ओन्कालो' हा बोगदा खणायला घेतला. २०१५मध्ये भांडार बांधण्याचा परवाना मिळाला, २०२१च्या अखेरीस ते चालवण्याच्या परवान्यासाठी अर्ज झाला आणि २०२४मध्ये चाचणी सुरू झाली. स्वीडनच्या सरकारने जानेवारी २०२२मध्ये फोर्समार्कच्या भांडाराला मान्यता दिली आणि जानेवारी २०२५मध्ये तेथे कामाचा आरंभ झाला. १९७०च्या दशकात मांडलेली कल्पना प्रत्यक्षात यायला अर्धे शतक गेले. या काळात सरकारे बदलली, पण काम चालू राहिले.

भारताचा मार्ग थोडा वेगळा आहे. आपण वापरलेले इंधन कचरा मानून पुरत नाही. त्यावर पुन्हा प्रक्रिया करून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढतो. उरलेला अतिकिरणोत्सर्गी द्रव बोरोसिलिकेट काचेत बांधला जातो. तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे हे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी उभे केले आहे. तारापूरला अशी काचेची नळकांडी थंड होत राहण्यासाठी हवेच्या प्रवाहात साठवण्याची सोय आहे. कचऱ्याचे आकारमान त्यामुळे पुष्कळ घटते आणि अंतिम भांडाराची निकड आज नाही, उद्या आहे. भारतात असे खोल भांडार अद्याप उभारलेले नाही. पण काच झाली तरी तिला शेवटी स्थिर घर लागणारच आहे.

त्या दिशेने आपण काहीच केले नाही, असेही नाही. १९८०च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने कोलारच्या सोन्याच्या खाणीतील वापरात नसलेल्या भागात, सुमारे एक हजार मीटर खोलीवर, तापक ठेवून खडक उष्णतेला कसा प्रतिसाद देतो, हे अनेक वर्षे मोजले. राजस्थानातील बाडमेर आणि गुजरातेतील कच्छ येथील बेंटोनाइटच्या फुगण्याचा अभ्यास आपल्या प्रयोगशाळांतून झाला आहे. मालाला तोटा नाही. विंधनविहिरींपासून ओतकामाच्या साच्यांपर्यंत हा पदार्थ आपल्याकडे रोज वापरला जातो.

उणीव आहे ती दीर्घ परीक्षेची. वायोमिंगच्या मातीचे आकडे बाडमेरच्या मातीला लावता येत नाहीत. ग्रिम्झेलच्या खडकातील पाणी आपल्या खडकातील पाण्यासारखे नाही. स्वीडनला चिंता हिमयुगाच्या गोड्या पाण्याची आहे. आपल्या अनेक प्रदेशांत ती खारट भूजलाची आणि अधिक उष्ण खडकाची असेल. प्रत्येक देशाला आपली माती, आपले पाणी आणि आपला खडक एकत्र ठेवूनच परीक्षा घ्यावी लागते. ज्ञान जगातून घ्यावे, पण मोजमाप आपल्या भूमीवरच करावे. खोल खडकात कायमची संशोधनशाळा, तिच्यात पंधरा-वीस वर्षे न थांबता चालणारा प्रयोग आणि त्याचे निष्कर्ष लोकांसमोर मोकळेपणाने ठेवण्याची पद्धत, या तीन गोष्टी आज सुरू झाल्या तर पुढच्या पिढीला निर्णय घेण्यापुरते ज्ञान हाती राहील. आसेसारखी चूक टाळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. हे सारे मागच्यांचे देणे आहे. अणुयुगाने त्यात पुढच्यांच्या देण्याची भर घातली. आज आपल्या घरात जळणाऱ्या दिव्याचा हिशेब ज्यांना द्यावा लागेल, ती माणसे अजून जन्मलेली नाहीत. त्यांची भाषा कोणती असेल, ती कोणत्या देवाला हात जोडत असतील, आपल्याविषयी त्यांना काही ठाऊक असेल की नाही, हे सांगता येत नाही. त्यांनी विहीर खणली तर पाणी निर्मळ लागावे, एवढी जबाबदारी मात्र निश्चित आपली आहे.

काळ्या रानातला शेतकरी पेरणीपूर्वी मूठभर माती हातात घेतो, दाबून पाहतो, वाफसा आला की नाही ते ठरवतो. घाई केली तर पेर फुकट जाते, उशीर केला तर हंगाम जातो. या कामातही तेच पथ्य आहे. माती आपले काम करील. पण तिला कोणत्या जागी, किती घट्ट आणि कोणत्या पाण्यात ठेवायचे, हे ठरवण्याचा वाफसा आजच्या पिढीच्या हातात आहे.